60 मीटर ते 400 मीटर अडथळे: इरिना प्रिवालोवाची कारकीर्द आकड्यांतून समजून घेताना

धावण्याच्या स्पर्धेत खेळाडूची जात लवकर ठरते. कुणी 100 मीटरवाली, कुणी 400 मीटरवाली, आणि मग ती आयुष्यभर तिथेच राहते. शेजारच्या अंतरात फारतर एखादी चक्कर. रशियाची इरिना प्रिवालोवा याला अपवाद आहे. 60 मीटर इनडोअरचा जागतिक विक्रम तिच्या नावावर आहे आणि ऑलिंपिकचं वैयक्तिक सुवर्ण 400 मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत. पहिली शर्यत सात सेकंदांच्या आत संपते, दुसरी त्रेपन्न सेकंद चालते आणि मध्ये दहा अडथळे उभे असतात. या दोन शर्यती एकाच बाईनं जिंकणं म्हणजे जवळजवळ दोन वेगवेगळे खेळ खेळणं, असं वाटतं. नीट पाहिलं तर तसं नाही. तिच्याकडे भांडवल एकच होतं, कमाल वेग. ते कुठे आणि किती बेतानं खर्चायचं, एवढंच अंतरागणिक बदलत गेलं.

जन्म 22 नोव्हेंबर 1968, मॉस्कोजवळच्या मालाखोव्का गावात. जुनी निकालपत्रकं चाळताना एक लक्षात ठेवायचं: 1991 मध्ये सेव्हिलच्या जागतिक इनडोअर स्पर्धेत 60 मीटरचं सुवर्ण जिंकणारी 'इरिना सेर्गेयेवा' हीच. आडनाव बदललं आणि तीन वर्षांत देशाचं नावही दोनदा बदललं. 1991 मध्ये सोव्हिएत संघ, 1992 च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये माजी सोव्हिएत प्रजासत्ताकांचा 'संयुक्त संघ', 1993 पासून रशिया. बार्सिलोनात वैयक्तिक पदक मिळालं की ज्याच्या-त्याच्या प्रजासत्ताकाचा ध्वज चढायचा आणि रिलेचं पदक मिळालं की ऑलिंपिकचा पाच वर्तुळांचा. तिला दोन्ही प्रकारची पदकं मिळाली, म्हणजे एकाच स्पर्धेत दोन वेगळे ध्वज.

आता आकडे. तिच्या सर्वोत्तम वेळा एका ओळीत मांडू. 60 मीटर 6.92 सेकंद, 100 मीटर 10.77, 200 मीटर 21.87, 300 मीटर इनडोअर 35.45, 400 मीटर 49.89 आणि 400 मीटर अडथळे 53.02. अंतराला वेळेनं भागलं की सरासरी वेग येतो. अनुक्रमे सेकंदाला 8.67, 9.29, 9.14, 8.46, 8.02 आणि 7.54 मीटर.

पहिल्यांदा पाहणाऱ्याला यातला पहिला आकडा खटकतो. 60 मीटर इतकं छोटं अंतर, मग तिथला सरासरी वेग 100 मीटरपेक्षा कमी कसा? कारण शर्यत शून्यापासून सुरू होते. ब्लॉकमधून, म्हणजे सुरुवातीला पाय रोवायच्या आधारातून, उठून शरीराला वेग पकडायला वेळ लागतो. जागतिक दर्जाच्या महिला धावपटूंचा कमाल वेग साधारण 50 ते 60 मीटरच्या दरम्यान येतो. म्हणजे 60 मीटरची शर्यत गाडी टॉप गिअरला लागता लागताच संपते. तिच्या 100 मीटरच्या वेळेतून 60 मीटरची वेळ वजा केली तर उरतात 3.85 सेकंद, आणि तेवढ्यात 40 मीटर. हा वेग सेकंदाला सुमारे 10.4 मीटर झाला. दोन्ही वेळा वेगळ्या शर्यतींतल्या आहेत, एक छताखालची आणि एक उघड्यावरची, म्हणून हा आकडा अंदाजच समजा. पण भांडवल केवढं होतं ते त्यातून कळतं.

ब्लॉकपासून साठ मीटरपर्यंत

6.92 ही वेळ तिनं 11 फेब्रुवारी 1993 रोजी माद्रिदमध्ये नोंदवली आणि 9 फेब्रुवारी 1995 रोजी तिथेच पुन्हा नेमकी तीच वेळ दिली. त्याच दिवशी 50 मीटरचा 5.96 सेकंदांचा विक्रमही झाला. 2023 च्या मोसमात सेंट लुशियाची जुलियन आल्फ्रेड आणि अमेरिकेची अलिया हॉब्ज या दोघी 6.94 पर्यंत पोचल्या. दोन शतांश सेकंद म्हणजे त्या वेगात साधारण 20 सेंटिमीटर, वीतभर अंतर.

या शर्यतीत चूक दुरुस्त करायला जागाच नसते. पिस्तुलाचा आवाज झाल्यावर 0.100 सेकंदाच्या आत ब्लॉकवर जोर पडला तर तो चुकीचा आरंभ धरतात, कारण इतक्या लवकर आवाज ऐकून प्रतिसाद देता येत नाही, म्हणजे धावपटूनं अंदाजानं उडी घेतली असणार असं गृहीत आहे. प्रिवालोवाच्या काळात प्रत्येकीला एक चूक माफ होती. 2010 पासून पहिल्याच चुकीला बाहेर. ब्लॉकमधून निघताना नेहमी दिसणारी चूक म्हणजे लगेच ताठ उभं राहणं. पहिल्या आठ-दहा पावलांत धड पुढे झुकलेलं हवं, म्हणजे पाय जमिनीला मागे ढकलू शकतो. धड लवकर सरळ झालं की तोच जोर वर जातो, शरीर उचलतं पण पुढे सरकत नाही. दुसरी चूक याच्या उलट. वेग वाढवायच्या घाईत पाऊल शरीराच्या फार पुढे टाकलं की टाच टेकते आणि प्रत्येक पाऊल ब्रेकसारखं लागतं.

इतकं करूनही विक्रमवाली जिंकेलच असं नाही. 1993 चा विक्रम ताजा असताना, पुढच्याच महिन्यात टोरंटोच्या जागतिक इनडोअर स्पर्धेत अमेरिकेच्या गेल डेव्हर्सनं 6.95 मध्ये तिला हरवलं. प्रिवालोवाची वेळ 6.97. त्याच स्पर्धेत 200 मीटरचं सुवर्ण मात्र तिनं 22.15 सेकंदांत नेलं.

शंभर मीटर: जिंकणं म्हणजे कमी मंदावणं

प्रेक्षकाला वाटतं की शेवटच्या 30 मीटरला पुढे जाणारी धावपटू वेग वाढवते आहे. प्रत्यक्षात त्या टप्प्यात सगळ्याच मंदावत असतात. जी कमी मंदावते ती पुढे जाताना दिसते. कमाल वेगाला लागणारं इंधन, म्हणजे स्नायूतला क्रिएटिन फॉस्फेटचा साठा, काही सेकंदांतच झपाट्यानं उतरतो. त्यात मान, जबडा, खांदे आवळले की पायांची लय बिघडते. म्हणूनच प्रशिक्षक ओरडून सांगतात ते 'जोर लाव' असं नव्हे, तर 'सैल राहा' असं.

1992 च्या बार्सिलोना अंतिम फेरीत पहिल्या पाचजणी 0.06 सेकंदात संपल्या. डेव्हर्स 10.82, जमैकाची ज्युलिएट कथबर्ट 10.83, प्रिवालोवा 10.84, ग्वेन टॉरेन्स 10.86, मर्लिन ऑटी 10.88. अशा वेळी निकाल छाती कुणाची आधी रेषेवर आली यावर लागतो. डोकं किंवा हात धरत नाहीत, धड धरतात. रेषेच्या दोन पावलं आधीच पुढे झुकणं ही इथली ठरलेली चूक, कारण झुकल्याबरोबर ढांग आखूड होते.

तिची 10.77 ही वेळ 6 जुलै 1994 ची, लोझानची. तो युरोपीय विक्रम झाला आणि 1998 मध्ये फ्रान्सच्या क्रिस्टीन आरोंनं 10.73 ची वेळ देईपर्यंत टिकला. त्याच उन्हाळ्यात हेलसिंकीच्या युरोपीय स्पर्धेत प्रिवालोवानं 100 आणि 200 ही दोन्ही सुवर्णं घेतली.

वळण, पांढरी रेषा आणि एक रद्द झालेलं सुवर्ण

100 मीटरची वेळ दुप्पट केली तर 21.54 होतात. तिची 200 मीटरची वेळ, मोनॅकोतली, 21.87. फक्त 0.33 सेकंद जास्त. अर्धी शर्यत वळणावर असताना हे कसं जमतं? दुसरे 100 मीटर धावत्या सुरुवातीनं मिळतात, ब्लॉकमधून उठण्याचा खर्च पुन्हा करावा लागत नाही. तो फायदा वळणाचा आणि थकव्याचा तोटा बराचसा भरून काढतो.

वळणावर शरीर आत, डावीकडे कलतं. लेनच्या आतल्या कडेला चिकटून धावलं तर अंतर कमी पडतं, म्हणून सगळ्या तिथे चिकटतात. पण पाऊल रेषेवर पडलं तर नियमानुसार अंतर चोरलं असं होतं. 1995 च्या गोटेबर्ग जागतिक स्पर्धेत हेच घडलं. टॉरेन्सनं 200 मीटर 21.77 मध्ये सहज जिंकली आणि वळणावर रेषेवर पाऊल पडलं म्हणून ती बाद झाली. ऑटी आणि प्रिवालोवा दोघींची वेळ 22.12 होती. छायाचित्रावरून ऑटीला सुवर्ण, प्रिवालोवाला रौप्य. टॉरेन्सला त्या रेषेचा काही उपयोग झाला होता असं म्हणणं अवघड आहे, इतकी ती पुढे होती. पण नियम फायदा किती झाला हे मोजत बसत नाही.

इनडोअरचं वळण आणखी अवघड. तिथला ट्रॅक 200 मीटरचा, म्हणून वळण फार आवळ असतं आणि बाहेरची बाजू उचललेली असते. सगळ्यात आतल्या लेनमध्ये पडलेल्या धावपटूचं नशीब तिथेच फुटतं. हा अन्याय इतका उघड होता की 2004 नंतर जागतिक इनडोअर स्पर्धेतून 200 मीटर काढूनच टाकली.

चौघींची वेळ

1993 मध्ये श्टुटगार्टला रशियाच्या ओल्गा बोगोस्लोव्स्काया, गालिना माल्चुगिना, नतालिया वोरोनोवा आणि प्रिवालोवा यांनी 4 बाय 100 रिले 41.49 सेकंदांत जिंकली. अमेरिकेची वेळही 41.49 च. शेवटच्या टप्प्यावर प्रिवालोवासमोर डेव्हर्स होती, आणि निकाल छायाचित्रावर गेला. 41.49 ला चारानं भागा: 10.37. कोणतीही बाई 100 मीटर इतक्या वेळात धावत नाही. मग? चौघींपैकी तिघी बॅटन घेतात तेव्हा आधीच पळत असतात.

त्या काळी अदलाबदलीचा पट्टा 20 मीटरचा होता आणि त्याआधी वेग घ्यायला 10 मीटर मिळत. आता ते एकत्र करून 30 मीटरचा पट्टा केला आहे. बॅटन घेणारी मागे पाहत नाही. ती स्वतःच्या मागे ट्रॅकवर पावलांनी मोजून टेप लावते, येणारी त्या खुणेवर आली की सुसाट सुटते आणि हाक आली की हात मागे धरते. खूण फार लांब लावली तर येणारी तिला गाठत नाही आणि पट्टा संपतो. जवळ लावली तर येणारी तिच्या पाठीवर येऊन दोघींचा वेग मरतो. चांगल्या संघांतही हे घडतं, कारण सरावात मोजलेली खूण स्पर्धेच्या दिवशी लागू पडतेच असं नाही. त्या दिवशी येणारी जास्त जोरात असते, किंवा जास्त दमलेली.

त्याच स्पर्धेत प्रिवालोवानं 200 मीटरचं कांस्य घेतलं आणि 4 बाय 400 रिलेत रौप्यही. 100 मीटरवाली बाई 4 बाय 400 मध्ये कशाला, हा प्रश्न इथेच पडायला हवा.

वेगाची शिल्लक

प्रशिक्षकांच्या भाषेत याला वेगाची शिल्लक म्हणता येईल. समजा दोघींना पहिले 200 मीटर 25 सेकंदांत धावायचे आहेत. एकीची 200 मीटरची सर्वोत्तम वेळ 23.5, दुसरीची 22.5. पहिली आपल्या ताकदीच्या 94 टक्क्यांवर धावते, दुसरी 90 टक्क्यांवर. घड्याळ दोघींना सारखीच वेळ दाखवतं, पण दुसरीच्या खिशात चार टक्के शिल्लक आहेत आणि ते शेवटच्या 100 मीटरला उपयोगी पडतात.

शिल्लक आपोआप कामाला येत नाही, हेही खरं. 400 मीटरच्या उत्तरार्धात स्नायू ऑक्सिजनविना इतकं जास्त काम करतात की त्यांत आम्लता वाढते, पाय शिशासारखे होतात आणि ढांग आखडते. प्रिवालोवाची 200 ची वेळ दुप्पट केली तर 43.74, आणि 400 ची वेळ 49.89. सहा सेकंदांहून जास्त फरक. म्हणजे ती 400 मध्ये वेगाच्या बळावर धावत होती, दमाच्या नव्हे. तरीही 1993 च्या जानेवारीत मॉस्कोत तिनं 300 मीटर इनडोअर 35.45 मध्ये काढलं. 2018 मध्ये बहामाच्या शॉने मिलर-युबोनं न्यूयॉर्कमध्ये बरोबर हीच वेळ दिली, आणि मिलर-युबो तर 400 ची ऑलिंपिक विजेती. 1995 मध्ये बार्सिलोनाच्या जागतिक इनडोअर स्पर्धेत प्रिवालोवानं 400 मीटरचं सुवर्ण 50.23 मध्ये जिंकलं. 60, 200 आणि 400 अशा तीन अंतरांत जागतिक इनडोअर विजेतेपद तिनं घेतलं.

सरावात ही शिल्लक वाढवणं आणि दम वाढवणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि ती एकत्र कालवली की दोन्ही बिघडतात. वेगासाठी 30 ते 60 मीटर पूर्ण जोरात, आणि दर 10 मीटरमागे साधारण एक मिनिट विश्रांती. 60 मीटर धावलं तर सहा मिनिटं नुसतं फिरायचं. नवख्या प्रशिक्षकाला हा आळशीपणा वाटतो, तो विश्रांती दोन मिनिटांवर आणतो. मग चौथ्या फेरीपासून धावपटू कमाल वेगाला पोचतच नाही आणि वेगाच्या नावाखाली दमाचा सराव होतो. 400 साठी उलट 300 ते 500 मीटरच्या मोजक्या फेऱ्या, मध्ये दहा-पंधरा मिनिटं. तिथे दमणं हाच हेतू असतो.

दहा अडथळे

1996 च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये 100 मीटरच्या अंतिम फेरीत ती नव्हती. 1998 मध्ये बुडापेस्टला 200 मीटरचं युरोपीय सुवर्ण मिळालं, पण 22.62 ही वेळ सांगत होती की कमाल वेग उतरणीला लागला आहे. 2000 च्या मोसमात प्रशिक्षक व्लादिमीर पाराश्चुक यांच्यासोबत तिनं 400 मीटर अडथळे धरले. वय 31. त्या मोसमात मोजक्याच शर्यती धावून ती सिडनीला गेली.

या शर्यतीची मापं अशी. महिलांसाठी अडथळ्याची उंची 76.2 सेंटिमीटर. पहिला अडथळा 45 मीटरवर, मग दर 35 मीटरला एक, असे दहा, आणि शेवटच्या अडथळ्यापासून रेषा 40 मीटर. उंची फार नाही, साधारण जेवणाच्या टेबलाएवढी. अवघड आहे ते मधलं अंतर. अडथळ्याच्या सुमारे 2 मीटर आधी पाय सुटतो आणि सुमारे 1.1 मीटर पलीकडे टेकतो. उरतात 32 मीटरांच्या आसपास. ते 15 ढांगांत कापायचे तर प्रत्येक ढांग 2.13 मीटर, 16 मध्ये 2 मीटर, 17 मध्ये 1.88.

ढांगांची संख्या विषम असेल तर दर वेळी तोच पाय पुढे येतो. सम असेल तर आळीपाळीनं डावा-उजवा. बहुतेकींचा एक पाय पक्का असतो आणि दुसरा कच्चा. ताज्या असताना 15 ढांगा जमतात, सातव्या-आठव्या अडथळ्याला पाय जड झाले की जमत नाहीत. कच्च्या पायाची तयारी असेल तर 16 वर जाता येतं. नसेल तर थेट 17, म्हणजे एकदम दोन ढांगा वाढल्या आणि लय मोडली. सगळ्यात वाईट म्हणजे ठरवलंच नाही आणि अडथळा समोर आल्यावर चार छोटी पावलं टाकत अंदाज घेतला. तिथे अर्धा सेकंद सहज जातो. मागच्या सरळ पट्ट्यावर समोरून वारा असेल तर ढांग आपोआप आखूड पडते, म्हणून कसलेली धावपटू वारा पाहून आराखडा बदलते.

वळणावर डावा पाय पुढे टाकणं सोयीचं, कारण मग आतल्या रेषेला चिकटून राहता येतं. उजवा पुढे टाकणारीचा डावा पाय मागून येताना अडथळ्याच्या बाहेरून, दांडीपेक्षा खालून जाऊ शकतो आणि ती बाद होते. अडथळा चुकून पाडला तर मात्र शिक्षा नाही, वेळ जाते एवढंच.

प्रशिक्षक एका अडथळ्यापलीकडे पाय टेकल्यापासून पुढच्यापलीकडे टेकेपर्यंतची वेळ घेतात. 53 सेकंदांच्या शर्यतीत ही वेळ सुरुवातीला 4.2 च्या आसपास असते आणि शेवटी 5 च्या आसपास जाते. ही वाढ जितकी संथ, तितकी शर्यत चांगली बेतलेली.

स्प्रिंटवालीला इथे फायदा कुठे आणि तोटा कुठे, हे आता दिसेल. फायदा शिल्लकीचा. तोटाही त्याच वेगाचा: तिची नैसर्गिक ढांग लांब, म्हणून ताजी असताना ती अडथळ्याच्या फार जवळ येऊन पोचते आणि वर उडी मारावी लागते. सुरुवातीला ढांग आवरून धरायची आणि शेवटी तीच ओढून लांब ठेवायची, हे उलटसुलट काम.

सिडनीच्या अंतिम फेरीत तिची वेळ 53.02. दुसरी आली 1996 ची ऑलिंपिक विजेती, जमैकाची डीऑन हेमिंग्ज, 53.45 मध्ये. तिसरी 1997 ची जगज्जेती, मोरोक्कोची नेझा बिदुआन, 53.57. प्रिवालोवाची अडथळ्यांसह आणि अडथळ्यांविना 400 मीटरची सर्वोत्तम वेळ यांत फरक 3.13 सेकंदांचा, म्हणजे अडथळ्यामागे सरासरी तीन दशांश. तंत्र तिचं फार देखणं नव्हतं, पण ते असायची गरजही नव्हती. त्याच ऑलिंपिकमध्ये 4 बाय 400 रिलेत रशियाला कांस्य मिळालं, त्या संघातही ती होती.

आपल्याकडे हा पल्ला समजायला पी. टी. उषा आठवावी. 1984 मध्ये लॉस एंजेलिसला महिलांची 400 मीटर अडथळ्यांची शर्यत ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदाच झाली. उषा 55.42 मध्ये चौथी आली, कांस्यापासून एक शतांश सेकंद दूर. पुढच्याच वर्षी जकार्ताच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत तिनं 100, 200, 400, 400 अडथळे आणि 4 बाय 400 रिले अशी पाच सुवर्णं घेतली. रचना तीच: खाली 100 मीटरचा वेग, वर अडथळ्यांची लय. फरक इतकाच की उषानं हे ऐन विशीत एकत्र केलं आणि प्रिवालोवानं एकामागून एक, दहा वर्षांत.

सिडनीनंतर तीन वर्षांनी, ऑगस्ट 2003 मध्ये, तुला शहरात रशियाच्याच युलिया पेचोंकिनानं 400 मीटर अडथळे 52.34 मध्ये पूर्ण करून जागतिक विक्रम केला. प्रिवालोवाचे 53.02 मागे पडले. माद्रिदचे 6.92 तीस वर्षांनंतरही तिथेच राहिले, आणि 60 मीटर ही शर्यत आजच्या ऑलिंपिकमध्ये नाही.